काळे शिंगरू काळेच राहील का? शिंगराचा रंग आणि पांढरे होण्याची चिन्हे ओळखण्याची रीत

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते, आणि तिथल्या घोडेबाजारातून दरवर्षी काही माणसे आयुष्यातले पहिले शिंगरू विकत घेऊन घरी परततात. त्यांपैकी बहुतेकांनी चाल पाहिलेली असते, पाय चाचपलेले असतात, भोवरे मोजलेले असतात. परंतु रंगाच्या बाबतीत मात्र आज डोळ्यांना दिसतो तोच रंग जन्मभर राहणार असे त्यांनी गृहीत धरलेले असते. मी घेतलेले पहिले शिंगरू कोळशासारखे काळे होते आणि विकणाऱ्याने ते मुश्की म्हणून सांगितले होते. दुसऱ्या वर्षी तिच्या तोंडावर राख फासल्यासारखे केस आले, चौथ्या वर्षी अंगावर रुपयाएवढी फिकट वर्तुळे उमटली आणि आज ती घोडी पांढरीशुभ्र आहे. विकणाऱ्याने मला फसवले असे मी म्हणत नाही, कारण त्या शिंगराशेजारी बांधलेली त्याची पांढरी आई मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिच्या रंगाचा अर्थ तेवढा मला कळला नव्हता. तो अर्थ नवख्या माणसाला खरेदीच्या आधी कळावा, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आधी रंगांची नावे नीट समजून घ्यावीत

तांबूस किंवा तपकिरी अंग आणि आयाळ, शेपूट व पायांचा खालचा भाग काळा असेल तर तो कुमाईत. अंग तांबडे आणि आयाळ-शेपूटही तांबडी किंवा त्याहून फिकट, काळ्या केसांचा कुठेही मागमूस नाही, तर तो सुरंग. सर्वांगाने काळा तो मुश्की. पांढरे मोठे डाग घेऊन जन्मलेला तो अबलख, आणि चारही पाय व तोंड पांढरे असलेला तो पंचकल्याणी. अर्थात पंचकल्याणी हे खुणांचे नाव आहे, अंगाचा रंग त्याहून वेगळा सांगावा लागतो.

आपल्या विषयाशी थेट संबंध असलेले शब्द दोन आहेत, सब्जा आणि नुकरा, आणि बाजारात सर्वाधिक गल्लत याच दोहोंत होते. सब्जा घोडा जन्मतः कुमाईत, सुरंग, मुश्की अशा कोणत्याही रंगाचा असतो आणि वयाबरोबर त्याचे केस पांढरे होत जातात, पण केसांखालची कातडी काळीच राहते. सरकारी किंवा दवाखान्याच्या कागदावर त्याला ‘ग्रे’ लिहितात. मधल्या वयात त्याच्या अंगावर निळसर झाक येते आणि उत्तरेकडे अशा घोड्याला नीला म्हणतात. नांदेडला येणारे शीख भाविक गुरू गोविंदसिंहांना ‘नीले घोडेवाला’ म्हणतात, तो हाच शब्द. नुकरा मात्र जन्मापासून पांढरा असतो आणि त्याची कातडी गुलाबी असते. वरातीसाठी पांढरे जनावर हवे असलेल्या माणसाला दोन्ही सारखीच वाटतात. तथापि नाकाडावरची आणि डोळ्यांच्या कडांची कातडी काळी आहे की गुलाबी, एवढे पाहिले तरी फरक तिथल्या तिथे कळतो.

शिंगराचे वय काढावे

रंगाच्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ वयानुसार बदलतो, म्हणून सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबून न राहता दात पाहावेत. पुढच्या दुधाच्या दातांची मधली जोडी साधारण ८ दिवसांत, तिच्या शेजारची जोडी ८ आठवड्यांच्या सुमारास आणि कडेची जोडी ८ महिन्यांच्या आसपास येते. दहा-पंधरा दिवस इकडेतिकडे होतात, परंतु पंधरा दिवसांचे शिंगरू आणि पाच महिन्यांचे शिंगरू यांतला भेद करायला एवढे पुरते. हे महत्त्वाचे अशासाठी की शिंगरू जन्माला येताना घेऊन येते ते केस साधारण तीन-चार महिन्यांचे होताना गळू लागतात. माणसाच्या बाळाच्या जावळावरून मोठेपणीच्या केसांचा अंदाज जसा बांधता येत नाही, तसेच या जन्मकेसांचे आहे.

अंग धुऊन, उघड्या उजेडात पाहावे

मराठवाड्यात ही पायरी गाळून चालत नाही. आपली काळी माती ओली असताना पायांना चिकटते आणि वाळल्यावर केसांच्या मुळाशी बसते. मग फिकट पायांचे शिंगरूही काळ्या पायांचे दिसते, आणि पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे सगळा निकाल पायांवरच अवलंबून असल्यामुळे अंदाज उलटा पडतो. गुडघ्यापासून खुरापर्यंत पाय स्वच्छ पाण्याने धुवावेत, वाळू द्यावेत आणि खराऱ्याने केस मोकळे करावेत. पालाच्या कापडाखाली, विशेषतः ते निळे किंवा पिवळे असेल तेव्हा, रंग पाहू नये. शिंगरू बाहेर सकाळच्या उजेडात आणावे. ओले पांढरे फडके मानेवरून आणि तोंडावरून दाबून फिरवावे, म्हणजे केसांना काही लावलेले असल्यास ते फडक्यावर उतरते. डोळ्यांभोवतीचे केस बारीक कातरलेले आढळले तर ते का कातरले, हे मालकाला विचारावे.

उन्हाने उडालेला रंगही याच वेळी ओळखता येतो. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा दिवसभर उघड्यावर बांधलेल्या काळ्या शिंगराच्या केसांची टोके तांबूस होतात; केस बोटाने उलटे फिरवले की मुळाशी ते काळेच दिसतात. सब्जाचे तसे नसते. त्याचा पांढरा केस मुळापासून टोकापर्यंत पांढरा असतो आणि शेजारचा केस पूर्ण काळा असतो.

आईबाप पाहावेत

पांढरे होण्याचा गुण एका प्रबळ जनुकातून येतो. शिंगराला जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते; त्यांतली एक प्रत जरी या गुणाची असली तरी शिंगरू सब्जा होते, आणि ज्याच्यात तो गुण आहे ते जनावर आज ना उद्या ते दाखवतेच. हा गुण आतल्या आत लपून एखादी पिढी ओलांडत नाही. म्हणून आई किंवा बाप यांपैकी एक तरी सब्जा असल्याशिवाय शिंगरू सब्जा होत नाही. दोघेही सब्जा नसतील, तर ‘याचा आजा पांढरा होता, हेही पांढरे होईल’ या बोलण्याला आधार नाही.

आई पांढरी आणि काळ्या कातडीची असेल व बाप साधा कुमाईत असेल, तर दोन शक्यता उरतात. आईजवळ त्या जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर तिचे प्रत्येक शिंगरू सब्जा होणार. एकच असेल तर नाणे उडवावे तशी अर्धी शक्यता. आई आणि बाप दोघेही एकेक प्रत बाळगणारे सब्जा असतील तर चारांत तीन. तिच्या आधीच्या शिंगरांची चौकशी करावी: त्यांतले एक जरी मोठेपणी कुमाईत किंवा सुरंगच राहिले असेल, तर आईजवळ एकच प्रत आहे हे निश्चित होते.

इथे कागदांचा एक धोका सांगितला पाहिजे. बापाच्या नोंदीत ‘काळा’ लिहिलेले असते, पण ती नोंद तो वर्षाचा असताना केलेली असते आणि त्यानंतर तो पांढरा झालेला असतो. म्हणून नोंद कोणत्या वयातली आहे ते विचारावे आणि शक्य असेल तर बापाचे आजचे छायाचित्र मागावे. जाता जाता आणखी एक कसोटी: सुरंग आईबापांपासून फक्त सुरंग शिंगरू जन्मते. तसे आईबाप सांगून कुणी मुश्की शिंगरू दाखवत असेल, तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आईबापांचीच खात्री करून घ्यावी.

डोळे आणि पाय: खरी परीक्षा

आता मुख्य गोष्ट. जे शिंगरू जन्मतः गडद आणि तेजस्वी रंगाचे दिसते, तेच पांढरे होण्याचा संशय अधिक असतो, आणि जे फिकट, राखाडी, मळकट दिसते, ते बहुधा पुढे पक्क्या रंगाचे होते. नवख्या माणसाला हे पटत नाही. तो राखाडी शिंगराला सब्जा समजतो आणि काळ्याभोर शिंगराला मुश्की. प्रत्यक्षात पुढे मुश्की राहणारी अनेक शिंगरे जन्मतः उंदरासारख्या करड्या रंगाची असतात आणि जन्मकेस गळाल्यावर त्यांच्या खालून काळा रंग निघतो. याउलट सब्जा होणारे शिंगरू जन्मतःच मोठ्या घोड्यासारखा पक्का रंग घेऊन येते.

कुमाईत शिंगराच्या पायांवर हा भेद सर्वांत स्पष्ट दिसतो. कुमाईतच राहणाऱ्या शिंगराचे पाय जन्मतः काळे नसतात. गुडघ्याखालचे केस फिकट, मळकट पांढुरके किंवा करडे असतात, आयाळ काळी आणि कानांच्या कडा काळ्या असतात, आणि पायांचा काळेपणा जन्मकेस गळताना वरून खाली उतरत येतो. चार-आठ दिवसांच्या कुमाईत शिंगराचे पाय धुतल्यावरही मोठ्या घोड्यासारखे काळे दिसत असतील आणि आईबापांत एक सब्जा असेल, तर ते शिंगरू पांढरे होणार असे धरून चालावे. सुरंगाच्या बाबतीत पायांची खूण फारशी उपयोगी पडत नाही. तिथे अंगाचा गडद, भरलेला तांबडा रंग थोडी सूचना देतो, पण निकाल डोळ्यांवरच घ्यावा लागतो.

डोळ्यांची तपासणी अशी करावी. शिंगराला आईजवळच उभे ठेवावे, त्याला घाबरवू नये, आणि एका माणसाने मान हलकेच धरून दुसऱ्याने सूर्य पाठीशी ठेवून डोळ्याच्या वरच्या आणि खालच्या पापणीचे केस पाहावेत. सब्जा होणाऱ्या शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरे केस दिसू लागतात. आधी एकदोन, मग चष्म्याच्या कड्यासारखे वर्तुळ. काही शिंगरांत ते जन्मतःच दिसतात, बऱ्याच जणांत पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, आणि सावकाश पांढरे होणाऱ्यांत वर्ष उलटून गेल्यावर. त्यामुळे पांढरे केस सापडले तर ते महत्त्वाचे मानावे. सापडले नाहीत तर एवढ्यावरून ‘हे सब्जा नाही’ असे म्हणू नये, आईबाप सब्जा असतील तेव्हा तर मुळीच नाही. केस एकेक करून पाहावेत. जन्मकेस गळताना डोळ्यांभोवती आणि नाकाडाभोवतीच ते आधी गळतात आणि तिथे वेगळ्या रंगाचे वर्तुळ दिसतेच, पण ते नव्या रंगाच्या आखूड केसांचे असते, पांढऱ्या केसांचे नसते.

शिंगराच्या बुबुळाच्या रंगावरून काही ठरवू नये. नवजात शिंगराचे डोळे निळसर धुरकट दिसणे सामान्य आहे आणि काही आठवड्यांत ते गडद होतात.

जन्मकेस गळताना पुन्हा पाहावे

तीन-चार महिन्यांच्या शिंगराचे अंग काही दिवस फार विशोभित दिसते. कुठे जुने फिकट केस लोंबतात, कुठे खालचा गडद रंग उघडा पडतो, आणि घरातील माणसांना गजकर्णाची शंका येते. गजकर्णात केसांखाली गोल, खवलेदार उघडी कातडी दिसते. जन्मकेस गळताना खाली नवे, तुकतुकीत केस तयार असतात. हा काळ रंग ठरवण्यासाठी सर्वांत उपयोगाचा आहे, कारण नव्या केसांचा रंगच पुढचा खरा रंग असतो. पाठीच्या मध्यावर जन्मतः दिसणारी गडद रेघही अनेक शिंगरांत याच वेळी नाहीशी होते, म्हणून त्या रेघेवरून आधी कोणताही रंग जाहीर करू नये. नव्या केसांतही डोळ्यांभोवती, कपाळावर आणि कानांच्या मुळाशी पांढरे केस मिसळलेले असतील तर संशय उरत नाही.

सब्जासारखे दिसणारे, पण सब्जा नसलेले

काही घोड्यांच्या अंगावर रंगीत आणि पांढरे केस जन्मापासून किंवा पहिल्या केसगळीपासून मिसळलेले असतात. इंग्रजी नावावरून त्यांना रोन म्हणतात. त्यांचे डोके आणि पायांचा खालचा भाग गडद राहतो आणि अंगच तेवढे मिसळ दिसते. सब्जात मात्र डोके सर्वांत आधी पांढरे होते. रोनचा पांढरेपणा वर्षागणिक वाढत नाही. त्याला जखम झाली तर भरून आलेल्या जागी गडद केस येतात, हीदेखील खूण आहे.

दोरीने किंवा खोगिराने कातडी सोलली की त्या जागी पांढरे केस उगवतात. ते ठरावीक जागी राहतात, पसरत नाहीत. डोळ्यांभोवतीची किंवा नाकाडावरची कातडीच गुलाबी पडत असेल तर ते कोड असू शकते आणि पशुवैद्याला दाखवावे. टिळा, पट्टा, पांढरे पाय या जन्मखुणांची कड ठळक असते, त्यांखालची कातडी गुलाबी असते आणि त्या वाढत नाहीत. त्या जागेवर पाणी ओतून केस चपटे केले की गुलाबी कातडी स्पष्ट दिसते.

पुढील वर्षांत काय दिसेल

केसांच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी या गुणामुळे लवकर संपत जातात, म्हणून प्रत्येक केसगळीनंतर रंगीत केस कमी उगवतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षी तोंड राखाडी होते. त्यानंतर अंगावर लोखंडी करडा रंग चढतो आणि अनेकांच्या पुठ्ठ्यावर व कुशीवर फिकट वर्तुळे उठतात. या काळातला घोडा अतिशय देखणा दिसतो आणि बाजारात त्याला ‘कायमचा ठिपक्यांचा’ म्हणून विकले जाते, पण ते ठिपके टिकत नाहीत. साधारण सहा ते दहा वर्षांत बहुतेक सब्जा पांढरे होतात. पायांचे गुडघे आणि आयाळ-शेपटीचे काही केस सर्वांत शेवटी रंग सोडतात. काहींच्या पांढऱ्या अंगावर पुढे तांबूस किंवा काळे बारीक ठिपके येतात, तेही याच गुणाचे रूप आहे.

वेग सर्वांचा सारखा नसतो. या गुणाचे मूळ एसटीएक्स-१७ नावाच्या जनुकातील एका तुकड्याच्या पुनरावृत्तीत आहे, हे २००८ साली सिद्ध झाले. तो तुकडा दोनदा असेल तर घोडा सावकाश पांढरा होतो आणि तीनदा असेल तर झपाट्याने, हे २०२४ च्या संशोधनातून पुढे आले. ज्याला शिंगरू लहान असतानाच पक्के उत्तर हवे आहे, त्याने मुळासकट उपटलेल्या आयाळीच्या वीस-तीस केसांवरून जनुकीय तपासणी करून घेता येते. त्याची सोय कुठे होईल हे परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावे. मोठ्या रकमेचा व्यवहार फक्त रंगासाठी होत असेल तर माझ्या मते ही तपासणी केल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

नोंद ठेवावी आणि शेपटीखाली पाहत राहावे

शिंगरू घरी आले की पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी, समोरून, मागून, चारही पायांची आणि डोळ्यांची जवळून छायाचित्रे काढावीत व त्यांवर तारीख लिहावी. चौथ्या महिन्यात, वर्ष पूर्ण झाल्यावर आणि नंतर दरवर्षी त्याच जागी, त्याच वेळेच्या उजेडात पुन्हा काढावीत. नोंदीत केवळ ‘काळा’ असे न लिहिता, उदाहरणार्थ, ‘जन्मरंग मुश्की, आई सब्जा, बाप कुमाईत, दोन महिन्यांचे असताना डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर पांढरे केस, कपाळावर टिळा, मागचा उजवा पाय पांढरा’ असे लिहावे. टिळ्याची आणि पायाची नोंद इथे विशेष आवश्यक आहे, कारण पंचकल्याणी सब्जा पूर्ण पांढरा झाला की त्याची पाचही कल्याणे दिसेनाशी होतात आणि अंग भिजवल्यावर गुलाबी कातडीच्या रूपानेच ती सापडतात. चोरीच्या किंवा वादाच्या प्रसंगी जनावराची ओळख पटवण्यास हीच नोंद उपयोगी पडते.

शिंगरू सब्जा आहे हे ठरल्यावर मालकावर एक जबाबदारी येते आणि ती बाजारात कुणी सांगत नाही. ज्या गुणामुळे केस पांढरे होतात त्याच गुणामुळे कातडीतील रंगपेशींच्या गाठी होण्याची शक्यता वाढते. १५ वर्षांपुढील सब्जा घोड्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के घोड्यांत अशा गाठी आढळतात. त्या बहुधा शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, ओठांवर आणि जबड्यामागे येतात, सुरुवातीला वाटाण्याएवढ्या, टणक आणि काळ्या असतात, आणि वर्षानुवर्षे तशाच राहू शकतात. परंतु वाढू लागल्या, फुटल्या किंवा लीद टाकताना अडथळा करू लागल्या तर फार उशीर झालेला असतो. म्हणून शिंगराला लहानपणापासून शेपूट उचलू देण्याची सवय लावावी, पाचव्या वर्षापासून दर महिन्याला खरारा करताना त्या जागा बोटांनी चाचपाव्यात आणि सापडलेल्या गाठीचा आकार तारखेसह त्याच वहीत लिहून पशुवैद्याला दाखवावा.